वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट : कौल कुणाचा, कसोटी कोणती?

(चांदवड येथे चित्रपटरसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वर्ष सरत आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि वाहिन्यांवरच्या चर्चांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. यंदाचा सर्वोत्तम चित्रपट कोणता? कुणी तिकीटबारीचे आकडे पुढे करतो, कुणी राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीकडे बोट दाखवितो, तर कुणाला परदेशातल्या महोत्सवाचे प्रशस्तिपत्र अखेरचे वाटते. प्रश्न करमणुकीचा वाटतो, पण तसा तो नाही. एखादा समाज वर्षभरातल्या शेकडो चित्रपटांतून एक निवडतो आणि 'हा आमचा उत्तम' असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या अभिरुचीची आणि मूल्यांची साक्ष देत असतो. ही साक्ष विचारपूर्वक दिली जाते की वाऱ्यावर सोडली जाते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

रेणुकामातेचे अधिष्ठान आणि होळकरांचा रंगमहाल लाभलेल्या या गावी हा विचार व्हावा, यात औचित्यही आहे. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी झाला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला चित्रसंसार नाशिकला आणला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला, तोही नाशिकमध्येच. जिल्ह्याचा दुसरा धागा तितकाच मोलाचा आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. स्वतंत्र भारताने पहिल्यांदा सर्वोत्तम चित्रपट निवडला, तो याच पुस्तकावरचा होता.

एक वर्ष, दोन निवडी

स्वातंत्र्यानंतर चित्रपटव्यवसायाची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५१ साली आला. चित्रपटाकडे करवसुलीचे आणि सेन्सॉरचे एक खाते म्हणून न पाहता राष्ट्राची एक कला म्हणून पाहावे, असा विचार त्या काळात बळावत होता. त्यातूनच १९५४ साली शासकीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले. सौंदर्य आणि तंत्र या दृष्टींनी उच्च दर्जा असलेल्या, तसेच शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन द्यावे, हा त्यामागचा हेतू. या हेतूत कलेचा दर्जा आणि आशयाचे मूल्य अशा दोन कसोट्या एकत्र बांधलेल्या आहेत. पुढच्या प्रत्येक वादाचे मूळ या दोहोंच्या ताणात सापडते.

१९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' लिहून महाराष्ट्राला पोट धरून हसविणाऱ्या अत्र्यांनी हा करुणरम्य चित्रपट निर्माण केला, दिग्दर्शितही केला. वनमाला यांनी आई साकारली आणि माधव वझे या बालकलाकाराने श्याम. कोकणातले एक दरिद्री घर, एक मानी माता आणि चुकत-शिकत वाढणारा मुलगा, एवढाच ऐवज. गुरुजी मात्र १९५० सालीच गेले होते; आपल्या आईचा हा गौरव त्यांना पाहता आला नाही.

आता त्याच वर्षाची दुसरी निवड पाहा. १९५४ सालीच 'फिल्मफेअर' या इंग्रजी नियतकालिकाने वाचकांच्या मतांवर आपले पुरस्कार सुरू केले. त्या वाचकांनी १९५३ चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' निवडला. शासनाच्या परीक्षकांनी त्याच चित्रपटाला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र दिले, पण सुवर्णपदक 'श्यामची आई'ला. म्हणजे पहिल्याच वर्षी, एकाच प्रश्नाला दोन जाणत्या गटांनी दोन उत्तरे दिली.

यांपैकी चुकले कोण? कुणीच नाही. जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शंभू महतो आणि दारिद्र्यातही मुलाला मिंधेपण शिकू न देणारी श्यामची आई, ही एकाच देशाची दोन सत्ये होती. एकात व्यवस्थेने केलेला अन्याय होता, दुसऱ्यात अन्यायातही न मोडणारा संस्कार. पहिल्याच वर्षाने शिकविलेला धडा हाच, की 'सर्वोत्तम' हा शब्द एकवचनी असला तरी त्यामागच्या कसोट्या अनेकवचनी असतात. म्हणून निवड जाहीर करताना कसोटीही जाहीर करावी. नाहीतर पुरस्कार हा केवळ निकाल उरतो, त्यात विचार उरत नाही.

परीक्षक काय पाहतात?

सामान्य प्रेक्षकाला पुष्कळदा कोडे पडते, की न पाहिलेल्या, क्वचित नावही न ऐकलेल्या चित्रपटाला पुरस्कार कसा मिळतो? याचे पहिले उत्तर 'वर्ष' या शब्दातच आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट कोणत्या वर्षाचा, हे प्रदर्शनाच्या तारखेवरून ठरत नाही. सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरते. संदीप सावंत यांचा 'श्वास' प्रेक्षकांनी २००४ साली पाहिला, परंतु सुवर्णकमळ मिळाले ते २००३ च्या यादीत. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. रिंकू राजगुरू हिचा विशेष उल्लेख मात्र महिनाभर आधी, २०१५ सालच्या पुरस्कारांत जाहीर झालेला होता. गाव चित्रपट पाहण्याआधीच दिल्लीने तो पाहिलेला असतो.

दुसरे उत्तर पद्धतीत आहे. निर्माते आपले चित्रपट स्पर्धेसाठी पाठवितात. आधी प्रादेशिक मंडळे छाननी करतात, मग मध्यवर्ती मंडळ निवडक चित्रपट पाहून निर्णय देते. मल्याळी परीक्षक मराठी चित्रपट आणि बंगाली परीक्षक तमिळ चित्रपट तळटिपांसारख्या इंग्रजी ओळी वाचत पाहतो. शब्दांची गंमत, म्हणींचा ठसका, बोलीचा गंध यांतले पुष्कळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जे भाषेपलीकडे पोहोचते, त्यावरच त्याला विसंबावे लागते. चेहरा, शांतता, प्रकाश, माणसामाणसांतले अंतर, हेच त्याचे पुरावे. ही पद्धतीची मर्यादा आहे, तशीच ती एक कठोर परीक्षाही आहे. आपल्या भाषेचे कवच उतरवूनही जो चित्रपट उभा राहतो, त्याचे बळ खरे.

'श्वास' या परीक्षेत उतरला. कोकणातल्या खेड्यातून नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात आलेले आजोबा, मुलाच्या डोळ्यांत झालेला कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार हा डॉक्टरांचा निर्णय, आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्या मुलाला जग डोळे भरून दाखविण्याची आजोबांची तळमळ. अरुण नलावडे यांचा सुरकुतलेला चेहरा आणि अश्विन चितळे या बालकलाकाराचे डोळे यांना दुभाष्याची गरज पडली नाही. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांच्या यादीनंतर मराठीला पुन्हा सर्वोच्च मान मिळाला, तो या चित्रपटामुळे. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला, तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांपासून राज्य शासनापर्यंत अनेकांनी हातभार लावला. निवड जेव्हा समाजाला पटते, तेव्हा समाज तिच्यामागे असा उभा राहतो.

लिलावाचा भाव आणि चाळीतला टिकाऊपणा

तिकीटबारीचा कौल तुच्छ मानण्याची एक सवय समीक्षकांना जडलेली असते. ती बरी नव्हे. फाळके काही विद्वानांच्या मेळाव्यासाठी चित्रपट काढीत नव्हते; 'लंकादहन' पाहायला लोटलेला समाज हाच त्यांचा आश्रयदाता होता. पण तिकीटबारी नेमके काय मोजते, हे ओळखले पाहिजे. चांदवडच्या शेतकऱ्याला हे उदाहरण देऊन सांगायला नको. लाल कांदा फार काळ टिकत नाही, म्हणून तो काढला की बाजार गाठावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत महिनोनमहिने राहतो. लिलावातला भाव त्या दिवसाची आवक आणि मागणी सांगतो. माल किती टिकेल, हे त्या बोलीत उमटतेच असे नाही. चित्रपटाचेही तसेच आहे. पहिल्या आठवड्याचा गल्ला म्हणजे लिलावातली बोली. दहा-वीस वर्षांनी तो चित्रपट काय अवस्थेत आहे, ही चाळीतली परीक्षा.

१९७५ हे वर्ष यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. त्या वर्षी 'शोले' आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. 'फिल्मफेअर'ने मात्र त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून 'दीवार'ची निवड केली. 'शोले'च्या वाट्याला तेथे एकच पुरस्कार आला, संकलनाचा. आणि तो मिळाला मा. शिंदे या मराठी माणसाला. राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ गेले ब. व. कारंत यांच्या 'चोमन दुडी' या कन्नड चित्रपटाला. स्वतःच्या कष्टाने कसायला जमिनीचा तुकडा मागणाऱ्या एका दलित मजुराची ती व्यथा होती. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' या अल्प खर्चाच्या चित्रपटाने देशभर गर्दी खेचली. अनेक ठिकाणी लोक चित्रपटगृहात पादत्राणे काढून बसत, पडद्यावर फुले उधळीत.

एका वर्षाची ही चार उत्तरे. तीस वर्षांनी, २००५ साली, त्याच 'फिल्मफेअर'ने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरविले. काळाने निर्णय फिरविला. पुढे 'शोले'चे दिग्दर्शक रमेश सिप्पी २०१५ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांचे मुख्य परीक्षक झाले, तेव्हा त्यांच्या मंडळाने सुवर्णकमळ दिले ते 'बाहुबली'ला, म्हणजे तिकीटबारीवरही अफाट चाललेल्या चित्रपटाला. त्यावर उलटसुलट चर्चा झाली. लोकप्रियता हा दोष नव्हे, तसाच तो पुरावाही नव्हे, एवढे भान दोन्ही बाजूंनी ठेवले असते तर ती चर्चा अधिक फलदायी झाली असती.

विषय थोर, म्हणून चित्रपट थोर?

आता थोडा अवघड मुद्दा. राष्ट्र, धर्म, संस्कृती यांविषयी आस्था असलेल्या प्रेक्षकाला एक मोह नेहमी होतो. आपल्या श्रद्धेचा विषय पडद्यावर आला, की तो चित्रपट उत्तम. आणि आपल्या मनाला बोचणारा प्रश्न कुणी विचारला, की तो वाईट. हा मोह आस्थेतून येतो, म्हणून तो क्षम्य असेल, पण त्यातून अखेर आस्थेच्या विषयाचेच नुकसान होते. थोर पुरुषावरचा सुमार चित्रपट त्या पुरुषाला लहान करतो. ढिसाळ पटकथा, खोटा साज आणि घोषणांचे संवाद यांना 'विषय पाहा' म्हणून माफी मिळू लागली, की चांगले घडविण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत?

'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) या बाबतीत दीपस्तंभासारखा आहे. दामले-फत्तेलाल या जोडीचा हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला आणि मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. तो केवळ तुकोबांवर होता म्हणून हे घडले का? विष्णुपंत पागनीसांच्या मुखावरची निरागस तल्लीनता त्यात आहेच. पण तिच्या जोडीला गौरी यांनी उभी केलेली आवली आहे. तिला पोरांच्या पोटाची चिंता आहे, तिची म्हैस आहे, तिचा फटकळपणा आहे आणि विठोबावरचा तिचा राग आहे. दिग्दर्शकांनी या संसारी बाईला खलनायिका केले नाही. तिच्या भुकेल्या चुलीला पूर्ण न्याय दिला, म्हणून तुकोबांची भक्ती हवेत तरंगली नाही, जमिनीवर उभी राहिली. श्रद्धेचे चित्रण असे कष्टाने सत्य करावे लागते.

याच कसोटीवर २०११ चा 'देऊळ' पाहावा. उमेश कुलकर्णी यांचे दिग्दर्शन आणि गिरीश कुलकर्णी यांचे लेखन असलेल्या या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. कर्नाटक किनाऱ्यावरच्या लहानशा बोलीतील 'ब्यारी' या चित्रपटासोबत विभागून. मंगरूळ नावाच्या गावातला भोळा केशा औदुंबराखाली झोपतो, त्याला दत्तगुरूंचे दर्शन घडल्यासारखे वाटते आणि पाहता पाहता गावात देवस्थानाचा बाजार उभा राहतो. दवाखान्याची गरज बाजूला पडते. दुकाने, देणग्या आणि पुढारी पुढे येतात. वरवर पाहणाऱ्याला हे श्रद्धेवरचे आक्रमण वाटेल. प्रत्यक्षात चित्रपटात सर्वांत श्रद्धावान माणूस केशाच आहे. आणि त्या बाजारातून देवाला बाहेर काढतो तोही केशाच. संतांनी देवाच्या नावाने चाललेल्या व्यापारावर कोरडे ओढले, ते देवाच्या प्रेमापोटी. ती परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्याला 'देऊळ' परका वाटण्याचे कारण नाही.

पुढे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (२०१६) यांनाही सुवर्णकमळ लाभले. एकात एका वृद्ध शाहिरावरचा संथ, रटाळ खटला आहे. दुसऱ्यात निराशेने ग्रासलेल्या तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावर मिळालेला आधार. 'कोर्ट'मधील सामाजिक भाष्य सर्वांना रुचेल असे नाही, आणि रुचावेच असा आग्रहही नको. त्याच्याशी मतभेद अवश्य नोंदवावेत. मात्र ते चित्रपट पाहून, त्याच्या रचनेची दखल घेऊन नोंदवावेत. न पाहता केलेला निषेध आणि न पाहता केलेला जयजयकार, दोन्ही सारखेच पोकळ.

पुरस्कार मिळाला, चित्रपट कुठे आहे?

खरा प्रश्न यानंतरचा आहे. मराठीने देशाचा हा सर्वोच्च सन्मान पाच वेळा मिळविला. ही पाचही नावे ठाऊक असणारे पुष्कळ सापडतील. पाचही चित्रपट पाहिलेले किती? 'कासव'ला पुरस्कार जाहीर झाला एप्रिल २०१७ मध्ये आणि चित्रपटगृहांत तो त्यानंतर आला. तोही मोजक्या ठिकाणी, मोजके दिवस. मुंबई-पुण्याबाहेरच्या तालुक्याच्या गावाला असा चित्रपट अनेकदा वर्तमानपत्राच्या बातमीतूनच भेटतो. एके काळी जत्रेतल्या तंबूत का होईना, चित्रपट गावापर्यंत चालत येई. आज हातातल्या फोनवर सारे जग आले आहे, तरी उत्तम ते शोधून दाखविणारा कुणी राहिलेला नाही. विपुलतेने निवड सोपी झाली नाही. उलट अवघड झाली.

म्हणून निवडीचे काम केवळ दिल्लीच्या मंडळावर सोपवून चालणार नाही. गावोगावच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांनी, गणेशोत्सव मंडळांनी दरवर्षी आपापला सर्वोत्तम मराठी चित्रपट निवडावा. त्यासाठी मोठा समारंभ नको, चषक नको. वर्षभरात आठ-दहा चित्रपट रीतसर परवानगीने एकत्र बसून पूर्ण पाहावेत. पाहणाऱ्यांत शिक्षक असावेत तसे शेतकरी असावेत, गृहिणी असाव्यात, तरुण मुले असावीत. पाहून झाल्यावर 'आवडला' एवढ्यावर न थांबता का आवडला, हे प्रत्येकाने चार ओळींत लिहावे. बहुमताचा निर्णय लिहावा, तसे अल्पमतही लिहून ठेवावे. १९७५ चे उदाहरण सांगते की उद्या तेच बहुमत होऊ शकते. आणि दहा वर्षांनी ती वही पुन्हा उघडून तेच चित्रपट पुन्हा पाहावेत. चाळीतला कोणता माल टिकला आणि कोणता सडला, हे तेव्हा कळेल. आपल्या अभिरुचीची एवढी प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही.

हे काम व्यर्थ जात नाही, याची साक्ष अगदी अलीकडची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २०२३ सालचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर. सर्वोत्तम चित्रपट ठरला 'ट्वेल्थ फेल'; आणि मराठीतला सर्वोत्तम चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा 'श्यामची आई'. पहिल्या सुवर्णपदकानंतर सत्तर वर्षांनी, दुसऱ्या पिढीच्या दिग्दर्शकाला, दुसऱ्या परीक्षकांसमोर, तीच आई पुन्हा मान मिळवून गेली. नाशिकच्या कोठडीत एका कैद्याने आपल्या आईची आठवण कागदावर उतरविली तेव्हा त्याच्यासमोर ना तिकीटबारी होती, ना परीक्षक. जे खरे वाटले ते त्याने जिवापाड लिहिले, आणि ते टिकले.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी या देशाला चित्रपट दाखविला. तो नीट पाहण्याचे काम प्रेक्षकांकडे राहिले आहे. चांदवडच्या रसिकांनी येत्या वर्षात ती वही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर, निवडीच्याही आधी, आपली कसोटी लिहावी. चांगल्या निर्मात्याला पुरस्कारापेक्षाही अशा जाणत्या प्रेक्षकाची ओढ असते. आणि असा प्रेक्षक जिथे असेल, तिथे चांगला चित्रपट आज ना उद्या पोहोचल्यावाचून राहणार नाही.